युनिटचा दर निम्म्याहून कमी, तरी बिल तेवढंच कसं?

प्रश्न : माझं वय ४४. दोन भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या पडतात. शांत बसले असले तरी घरचे विचारतात, "काय गं, चिडलीस का?" बोटॉक्स करून घ्यायचं ठरवलंय, पण तीन ठिकाणी चौकशी केली आणि गोंधळ आणखीच वाढला. रकमा मुद्दाम लिहीत नाही, प्रमाण सांगते. पहिल्या क्लिनिकचा एका युनिटचा दर १० धरला, तर दुसऱ्या क्लिनिकचा फक्त ४ आहे. तिसरं एक ब्यूटी सेंटर आहे. तिथे युनिटची भाषाच नाही. "कपाळ, भुवया, डोळ्यांच्या कडा, सगळं मिळून एक सिरिंज, २५०," एवढंच सांगतात. एकाच औषधाच्या दरात इतकी तफावत का? आणि कपाळावर आडव्या रेषाही आहेत, तर पैसे वाचवायला आत्ता फक्त कपाळाचं केलं तर चालेल का?
— एक वाचक

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या 'एकाच औषधाच्या' या दोन शब्दांतच गोंधळाचं मूळ आहे. फोटोकॉपीला आपण सरसकट झेरॉक्स म्हणतो, तसंच सुरकुत्यांच्या प्रत्येक इंजेक्शनला बोटॉक्स म्हणायची सवय लागली आहे. बोटॉक्स हे एका कंपनीच्या उत्पादनाचं नाव आहे. त्याच जातीची, म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन टाइप ए असलेली, डिस्पोर्ट, झिओमिन, ज्युवो, डॅक्सिफाय अशी इतर उत्पादनंही बाजारात आहेत. काम सगळ्यांचं एकच. नसेकडून स्नायूला आकसण्याचा जो निरोप जातो तो अडवायचा, म्हणजे स्नायू सैल पडतो आणि वरच्या कातडीला घडी पडत नाही. पण त्यांची युनिटं एकसारखी नाहीत.

युनिट म्हणजे ग्रॅम किंवा मिलिलिटरसारखं पक्कं माप नव्हे. औषधाचा जैविक परिणाम किती, यावरून ते ठरतं आणि तो तपासायची प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी आहे. म्हणूनच या औषधांच्या माहितीपत्रकांवर स्पष्ट लिहिलेलं असतं की एका उत्पादनाची युनिटं दुसऱ्याच्या युनिटांत बदलून घेता येत नाहीत. तुमच्या आठ्यांचंच उदाहरण घ्या. भुवयांच्या मधल्या भागासाठी बोटॉक्सची छापील मात्रा २० युनिट आहे, पाच जागी चार-चार. झिओमिन आणि ज्युवोचीही २०. डिस्पोर्टची मात्र त्याच पाच जागी दहा-दहा, म्हणजे ५० युनिट.

आता गुणाकार करा. पहिल्या क्लिनिकमध्ये २० गुणिले १० म्हणजे २००. दुसऱ्या क्लिनिकमध्ये डिस्पोर्ट वापरत असतील, तर ५० गुणिले ४, म्हणजे पुन्हा २००. कोणी लुबाडलेलं नाही आणि कोणी सूटही दिलेली नाही. दुसऱ्या ठिकाणी फोन करून एवढंच विचारा : "उत्पादन कोणतं आणि भुवयांच्या मधल्या भागाला त्याची किती युनिटं द्याल?" डिस्पोर्ट आणि ५० च्या आसपास असं उत्तर आलं, तर दोन्ही दर जवळजवळ सारखेच समजा. बोटॉक्स आणि २० असं आलं, म्हणजे सगळं मिळून ८० च, तर मात्र इतकं स्वस्त कसं, याची चौकशी करायला हवी. आणि डिस्पोर्ट वापरतात पण देणार २०, असं सांगितलं तर तिथून सरळ निघा. तेवढ्या मात्रेने तुमच्या आठ्या नीट जाणार नाहीत.

एक गोष्ट इथेच सांगून टाकू. डिस्पोर्टमध्ये गाईच्या दुधातल्या प्रथिनांचा अंश असू शकतो. तुम्हाला त्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर ते चालणार नाही, दर काहीही असो. दूध प्यायल्यावर पोट फुगतं, तो लॅक्टोजचा त्रास, तो वेगळा.

आता तिसऱ्या ठिकाणाकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. 'एक सिरिंज' हे फिलरचं, म्हणजे कातडीखाली भरायच्या जेलचं, माप आहे. फिलर कंपनीकडूनच भरलेल्या सिरिंजमध्ये येतो, त्यामुळे तिथे मिलिलिटरवर पैसे घेणं रास्त. बोट्युलिनम टॉक्सिन तसं येत नाही. बोटॉक्ससारख्या बहुतेक उत्पादनांत बाटलीच्या तळाशी नीट दिसणारही नाही इतकी सुकी पूड असते. डॉक्टर त्यात सलाइन घालून ती विरघळवतात आणि मग सिरिंजमध्ये ओढतात. सलाइन किती घालायचं हे त्यांच्या हातात असतं. बोटॉक्सच्या १०० युनिटच्या बाटलीत २.५ मिलि सलाइन घालावं, असं पत्रक सांगतं. म्हणजे ०.१ मिलिमध्ये ४ युनिटं येतात आणि १ मिलिच्या पूर्ण सिरिंजमध्ये ४०. त्याच बाटलीत ५ मिलि सलाइन घातलं तर तीच सिरिंज २० युनिटांची होते, आणि १० मिलि घातलं तर १० ची. सिरिंज तिन्ही वेळा काठोकाठ भरलेलीच दिसेल.

म्हणजे २५० ला तुम्हाला ४० युनिटं मिळाली तर युनिटचा दर सव्वासहा पडला, २० मिळाली तर साडेबारा आणि १० मिळाली तर २५. सगळ्यात स्वस्त वाटणारं ठिकाण सगळ्यात महाग निघू शकतं ते असं. शिवाय छापील मात्रा बघितली तर तीन भागांना बोटॉक्सची ६४ युनिटं लागतात : भुवयांच्या मध्ये २०, कपाळाला २०, डोळ्यांच्या कडांना प्रत्येकी १२. जाणते डॉक्टर कपाळाला अनेकदा यापेक्षा कमी देतात, छोट्या नाजूक स्नायूंना इतर ठिकाणीही कमी पुरतं, हे खरं. पण तिन्ही भाग मिळून २० युनिटांत 'सगळं' होत नाही. दोन-तीन आठवडे जरा बरं दिसेल आणि मग "तुमच्या अंगाला औषध लागतच नाही" असं ऐकायला मिळेल.

जास्त पाणी घालणं हीच लबाडी, असंही समजू नका. युनिटं मोजून दिली असतील तर २० युनिटं थोड्या पाण्यात दिली काय आणि जरा जास्त पाण्यात दिली काय, औषध तेवढंच. फरक एवढाच की पातळ औषध जास्त पसरतं. मोठ्या भागावर ते कधी सोयीचं असतं, पापणीजवळ धोक्याचं. लबाडी होते ती पाण्याचे पैसे घेतले की.

सिरिंजबद्दल आणखी एक घोळ. ही इंजेक्शनं बहुतेक वेळा इन्सुलिनच्या बारीक सिरिंजने देतात. त्या सिरिंजवरही 'युनिट'च छापलेलं असतं, पण ती युनिटं इन्सुलिनची. १०० खुणांच्या सिरिंजवरची एक खूण म्हणजे ०.०१ मिलि, बास. बाटलीत २.५ मिलि सलाइन असेल तर दहा खुणा म्हणजे टॉक्सिनची फक्त ४ युनिटं. बाटलीत १ मिलि असेल तर मात्र एक खूण म्हणजे बरोबर एक युनिट. त्यामुळे सिरिंज डोळ्यांसमोर धरून "बघा, पन्नास युनिटं" असं कोणी म्हणालं, तर लगेच विचारायचं की बाटली किती युनिटांची आणि त्यात सलाइन किती मिलि. हे दोन आकडे मिळाले की पाचवीच्या त्रैराशिकाने पुढचं तुम्हीच काढाल. आणि जे प्रामाणिकपणे काम करतात त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही.

आता युनिटचा दर १० असेल तर त्या दहात नेमकं असतं काय? औषधाची खरेदी किंमत हा त्यातला एक भाग, आणि तीही क्लिनिक किती बाटल्या घेतं त्यावर कमी-जास्त होते. दुसरा भाग वाया जाणाऱ्या औषधाचा. बोटॉक्सच्या पत्रकाप्रमाणे सलाइन घातलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवून २४ तासांत आणि एकाच रुग्णासाठी वापरायची असते. तुम्हाला २० युनिटं दिली आणि बाटली ५० ची असेल, तर नियम तंतोतंत पाळणारं क्लिनिक उरलेली ३० टाकून देतं आणि त्याची भरपाई दरात धरतं. बरीच क्लिनिकं एकाच दिवशी पाच-सहा जणांना बोलावतात आणि बाटली वाटून वापरतात, किंवा फ्रीजमध्ये जास्त दिवस ठेवतात. दर खाली येण्याचं हे एक सर्रास कारण आहे. बाटली कधी फोडली आणि प्रत्येकासाठी नवी सिरिंज, नवी सुई घेता का, हे विचारण्यात संकोच नको. थोडं औषध सिरिंजमध्येही अडकतं. सुई वेगळी लावायची सिरिंज असेल तर सुईच्या मुळाशी ०.०५ मिलि सहज राहून जातं, म्हणजे पत्रकातल्या प्रमाणाने २ युनिटं. सुई जोडूनच येणाऱ्या इन्सुलिन सिरिंजमध्ये हा तोटा जवळपास नसतो.

तिसरा भाग हाताचा. याला भाव असतो आणि असायलाच हवा. तुमच्या आठ्या ओढणारे स्नायू आणि पापणी उचलणारा स्नायू यांच्यात फार अंतर नाही. सुई खाली गेली किंवा औषध पसरलं की एका डोळ्याची पापणी लोंबते, आणि ते औषध परत काढून घ्यायला कोणताही उतारा नाही. काही थेंब डोळ्यात घालून पापणी थोडी उचलता येते, बाकी आठवडे मोजत बसायचं. चेहरा हलवायला लावून, आठ्या घालायला लावून, बोटाने स्नायू चाचपून मग जागा ठरवणारा डॉक्टर आणि सगळ्यांना एकाच नकाशावर पाच टोचे मारणारा माणूस यांच्या दरात फरक असणारच. त्यात भर म्हणून सल्ल्याची फी, जागेचं भाडं, कर. ही सल्ल्याची फी बिलात वळती करतात की वेगळी घेतात, हे आधी विचारून ठेवा. सौंदर्यासाठीच्या उपचाराला आरोग्य विमा सहसा एक पैसाही देत नाही.

हे सगळं झाल्यावरही युनिटच्या दराने तुलना करणं अर्धवटच राहतं. तुम्ही विकत घेताय ते सपाट कपाळाचे महिने. म्हणून हिशोब असा मांडा : पहिलं बिल, अधिक टचअपचे (नंतर कमी पडलं तिथे दिलेल्या थोड्या युनिटांचे) पैसे, भागिले परिणाम टिकलेले महिने. समजा एकीने काटकसर म्हणून २० ऐवजी १२ युनिटं घेतली, बिल १२० झालं आणि आठ्या दोन महिन्यांत परतल्या. महिन्याला ६० पडले. दुसरीने २० घेतली, बिल २००, चार महिने टिकलं. महिन्याला ५०. पहिलीला वर्षात सहा चकरा आणि दुसरीला तीन, हे वेगळंच. साधारणपणे परिणाम तीन ते चार महिने राहतो. मात्रा तोकडी असेल तर लवकर उतरतो. डॅक्सिफायची भुवयांमधली मात्रा ४० युनिट आहे, पण चाचण्यांत त्याचा परिणाम साधारण सहा महिने टिकल्याचं दिसलं. म्हणजे तिथे बिल मोठं आलं तरी भागायचं सहाने. फक्त पहिल्यांदाच करून घेणाऱ्यांनी त्याच्या मागे लागू नये, असं आमचं मत. आवडलं नाही तर तेही सहा महिने सोबत राहतं.

काहींना छापील मात्रा पुरत नाही. पुरुषांचे स्नायू जाड असतात, त्यांना जास्त युनिटं लागतात. सतत कपाळ आक्रसून बोलायची सवय असलेल्या बायकांनाही. तेव्हा मैत्रिणीला १६ मध्ये झालं म्हणून तुम्हाला २४ सांगणारा डॉक्टर पैसे उकळतोय, असं लगेच ठरवू नका. मात्र फोनवर, चेहरा न बघता कोणी युनिटांचा पक्का आकडा दिला तर तो अंदाज समजा. भागाप्रमाणे ठरावीक रक्कम घेणारी पद्धतही वाईट नाही. ज्यांना जास्त युनिटं लागतात त्यांना ती परवडते, ज्यांना कमी लागतात त्या थोडे जास्त मोजतात. पण त्या रकमेत किमान किती युनिटं आणि कोणत्या उत्पादनाची, हे कागदावर हवं.

आणि शांत चेहऱ्यावरही त्या आठ्या खोल चरा पडल्यासारख्या दिसत असतील, तर एका इंजेक्शनाने त्या पुसल्या जाणार नाहीत. घडी पडणं थांबतं. पडून मुरलेली घडी हळूहळू फिकट होते, कधी राहतेही. आरशासमोर चेहरा सैल सोडून बघा. "जास्त युनिटं घेतली की तीही जाईल" हे खरं नाही. त्यावर पैसे घालू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न, फक्त कपाळाचं केलं तर. नको. कपाळाचा स्नायू हा भुवया वर उचलणारा एकमेव स्नायू. भुवयांच्या मधले स्नायू त्या खाली ओढतात. वर ओढणारा सैल केला आणि खाली ओढणारे तसेच ठेवले, तर भुवया उतरतात, डोळ्यांवर ओझं ठेवल्यासारखं वाटतं आणि 'चिडलीस का' विचारणारे आता 'झोप नाही का झाली' विचारू लागतात. म्हणूनच बोटॉक्सच्या पत्रकातही कपाळाची मात्रा भुवयांमधल्या मात्रेच्या जोडीनेच दिली आहे, २० अधिक २०. घरी एक चाचणी करून बघा. डोळे मिटा, कपाळ सैल सोडा, तळहाताने ते अलगद दाबून धरा आणि डोळे उघडा. पापण्या जड वाटल्या, वरचं नीट दिसेना, तर तुमचं कपाळ दिवसभर पापण्यांना मदत करतंय. मग त्याला फार कमी औषध द्यायचं किंवा द्यायचंच नाही, आणि हे डॉक्टरांना आधी सांगायचं. उलट क्रम मात्र चालतो. आत्ता फक्त भुवयांच्या मधलं करा, कपाळ पुढच्या वेळी. तुमची मूळ तक्रारही तीच आहे आणि बिलही निम्म्यावर येतं.

स्वस्ताईची एक बाजू मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. बनावट माल खरोखर फिरतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने बनावट बोटॉक्सबद्दल इशारा दिला होता. त्यातल्या खोक्यांवर १५० युनिट छापलेलं होतं आणि बोटॉक्स बनवणारी कंपनी १५० ची बाटलीच काढत नाही. म्हणून बाटली तुमच्यासमोर फोडायला सांगा. नाव, युनिटं, लॉट नंबर आणि मुदतीची तारीख वाचा, मोबाइलमध्ये फोटो काढा. इंजेक्शननंतर काही तासांत किंवा अगदी काही आठवड्यांतही गिळायला, बोलायला, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, दोन-दोन दिसू लागलं, तर क्लिनिकला फोन करत न बसता थेट रुग्णालयात जा. गरोदरपणात, बाळ अंगावर पीत असताना किंवा मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा आजार असताना हे इंजेक्शन घेऊच नये, दर कितीही चांगला असो.

पॅकेजचा मोह पहिल्या खेपेला आवरा. 'तीन वेळचे आगाऊ भरा, पंधरा टक्के सूट' हे गणित तेव्हाच फायद्याचं, जेव्हा त्या हाताचा परिणाम तुमच्या चेहऱ्यावर एकदा दिसलेला असतो. आणि पॅकेजची मुदत बघा. तीन महिन्यांच्या आत परत पूर्ण मात्रा घ्यायची नसते, कारण वारंवार आणि जास्त औषधाने शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करू शकतं आणि मग औषध लागू पडेनासं होतं. तेव्हा सहा महिन्यांत संपणारं तीन वेळचं पॅकेज हे छापील दिसतं तितकं स्वस्त नाही.

टचअपचं आधीच ठरवून घ्या, कारण वाद तिथेच होतात. परिणाम दोन-तीन दिवसांनी जाणवू लागतो, पूर्ण दिसायला दोन आठवडे लागतात. चौथ्या दिवशी एक भुवई वर, एक खाली दिसली म्हणून धावत जाऊ नका. नीट करणाऱ्या डॉक्टरांनीही तेव्हा हात लावू नये. चौदाव्या दिवशी दाखवायचं. भुवईचं बाहेरचं टोक कमानीसारखं वर चढलं असेल तर तिथे एक-दोन युनिटांत काम होतं. हे एक-दोन युनिट फुकट, की दराप्रमाणे, की पुन्हा पूर्ण फी, ते पहिल्याच दिवशी लिहून घ्या. काही ठिकाणी ठरवलेल्या मात्रेत कमी पडलं तर टचअप मोफत असतो आणि जास्त हवं असेल तर पैसे. ही वाटणी आम्हाला योग्य वाटते.

तुम्ही आता असं करा. दोन्ही क्लिनिकना वरचा एक प्रश्न विचारा, ब्यूटी सेंटरचं नाव यादीतून काढा. ज्या ठिकाणी आठ्या घालायला लावून बघतील तिथे फक्त भुवयांच्या मधल्या भागाची पूर्ण मात्रा घ्या. जाण्यापूर्वी एकाच उजेडात दोन फोटो काढा, एक चेहरा सैल सोडून आणि एक कपाळाला जोरात आठ्या घालून. पावतीवर उत्पादन, लॉट नंबर आणि युनिटं लिहून घ्या. त्यानंतर चार तास आडवं व्हायचं नाही, जागा चोळायची नाही, त्या दिवशी व्यायाम नाही. चौदाव्या दिवशी पुन्हा तेच दोन फोटो. मग आठ्या परत दिसायला लागतील ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि बिलाला तेवढ्या महिन्यांनी भागा.